विलीनीकरणाच्या निवेदनावर सही करावी का?

प्रश्न : दादर पश्चिमेला माझे विमान तिकिटांचे छोटे कार्यालय आहे. वडिलांनी सुरू केले, आता मी सांभाळतो. माझे बहुतेक ग्राहक म्हणजे अमेरिका-इंग्लंडमधल्या मुलांना भेटायला जाणारे ज्येष्ठ आई-वडील आणि विदर्भ-मराठवाड्यातली कुटुंबे. आमच्या काही व्यवसायबंधूंनी सरकारला द्यायचे एक निवेदन तयार केले आहे. देशातल्या उरलेल्या लहान विमान कंपन्या मोठ्या गटांत विलीन होऊ द्याव्यात, त्याशिवाय आखाती देशांच्या सरकारी पाठबळावर चालणाऱ्या कंपन्यांपुढे आपल्या कंपन्यांचा टिकाव लागणार नाही, असे त्यात म्हटले आहे. आपल्या देशाच्या कंपन्या मोठ्या व्हाव्यात असे मलाही मनापासून वाटते. पण काही वर्षांपूर्वी एक कंपनी अचानक बंद पडली, तेव्हा ग्राहकांचे पैसे परत मिळवताना झालेले हाल मी विसरलेलो नाही. मी सही करावी का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

निवेदन आज ज्या शब्दांत आहे, त्या शब्दांत त्यावर सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विलीनीकरण सरसकट वाईट असते, असे मला म्हणायचे नाही. काही विलीनीकरणांनी कंपन्या खरोखर सावरल्या आहेत आणि त्याचे एक उदाहरण पुढे देतो. मात्र निवेदनात एका दुखण्यावर दुसऱ्याच दुखण्याचे औषध मागितले आहे आणि त्या औषधाची किंमत तुमच्याच ग्राहकांकडून वसूल होणार आहे. त्यामुळे आखाती कंपन्यांचे बळ नेमके कशात आहे, ते आधी पाहू.

तुमच्या विदर्भातल्या ग्राहकांपासूनच सुरुवात करू. नागपूरहून शिकागोला निघालेल्या सत्तरीच्या जोडप्यासाठी तुम्ही तिकीट काढायला बसता, तेव्हा कतार एअरवेजचे नागपूर–दोहा विमान समोर असते. एकच पीएनआर, बॅगा नागपूरलाच थेट शिकागोपर्यंत टॅग होतात, व्हीलचेअरची नोंद एकदाच करावी लागते आणि विमान एकदाच बदलावे लागते. भारतीय कंपनीने मुंबईमार्गे जायचे ठरवले, तर पहिला प्रश्न देशांतर्गत विमान कोणत्या टर्मिनलला उतरणार हा असतो. ते सांताक्रूझच्या टर्मिनल एकला उतरले आणि पुढचे विमान सहारच्या टर्मिनल दोनवरून असले, तर मध्ये रस्त्याने जावे लागते. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे आणि तिथे उतरणाऱ्याला सहार गाठायचे तर खाडी ओलांडून यावे लागेल. ज्येष्ठ प्रवाशाला दोहा सोयीचे का वाटते, हे तुम्हाला सांगायला नको. दोहा काय किंवा दुबई काय, ही शहरे एका विमानातून उतरून दुसऱ्या विमानात बसण्यासाठीच उभारल्यासारखी आहेत. तिथे विमान कंपनी आणि विमानतळ यांचा मालक शेवटी एकच आहे आणि त्या मालकाने दोघांचे वेळापत्रक एकमेकांना धरून बसवले आहे.

दुबईच्या एमिरेट्सने ऑक्टोबर १९८५ मध्ये पाकिस्तानकडून भाड्याने घेतलेल्या विमानांनी उड्डाणे सुरू केली, तेव्हा कराचीबरोबरच मुंबई हे तिचे अगदी पहिल्या ठिकाणांपैकी एक होते. म्हणजे आपला प्रवासी हा त्या व्यवसायाच्या पायातच आहे. आज तिच्याकडे अडीचशेहून अधिक मोठी, दोन मार्गिकांची वाइड-बॉडी विमाने आहेत आणि प्रवासी वाहतुकीसाठी ती दुसरी विमाने वापरतच नाही. टाटांचीच दुसरी कंपनी विस्तारा मिसळल्यानंतरही एअर इंडियाकडची अशी विमाने साठ-सत्तरच्या घरात आहेत. यातली मुख्य गोष्ट ही की दोन भारतीय कंपन्या एकत्र केल्याने या संख्येत एकाही विमानाची भर पडत नाही. ज्या लहान कंपन्यांबद्दल निवेदन बोलते, त्यांच्याकडची विमाने तर मुंबई–गोवा किंवा पुणे–दिल्ली अशा पल्ल्यांची आहेत. ती कितीही गोळा केली तरी त्यांतून न्यूयॉर्कला जाता येत नाही.

सरकारी पाठबळ म्हणजे केवळ रोख अनुदान, अशी एक समजूत आहे. अनुदानाचा आरोप झाला आहे आणि त्या कंपन्यांनी तो फेटाळलाही आहे. एमिरेट्स तर आपण मालकाला लाभांश देतो, असे सांगते. पण मला त्याहून महत्त्वाच्या वाटतात त्या इतर गोष्टी : स्वस्त आणि धीराचे भांडवल, एका पिढीपुरता विचार करून बांधलेले विमानतळ, संप न होणारे कामगार धोरण आणि परराष्ट्र खात्याइतक्याच गांभीर्याने केलेले हवाई करार. यांतली एकही गोष्ट विलीनीकरणाच्या कागदपत्रांतून मिळत नाही.

हेच चित्र अमेरिकेत अगदी स्पष्ट दिसले. डेल्टा आणि नॉर्थवेस्ट २००८ मध्ये एकत्र आल्या, युनायटेड आणि कॉन्टिनेंटल २०१० मध्ये, आणि अमेरिकन व यूएस एअरवेज २०१३ मध्ये. जागतिक स्पर्धेसाठी आकार हवा, हा युक्तिवाद तिथेही झाला होता. शेवटच्या विलीनीकरणाविरुद्ध अमेरिकेच्या न्याय खात्याने आधी दावा दाखल केला आणि काही विमानतळांवरच्या राखीव उड्डाणवेळा सोडायला लावून मगच तडजोड केली. या सगळ्यातून जगातल्या सर्वांत मोठ्या तीन कंपन्या तयार झाल्या. आणि २०१५ मध्ये याच तिघींनी सरकारपुढे गाऱ्हाणे मांडले, की आखाती कंपन्यांना ४२ अब्ज डॉलरहून अधिक अनुदान मिळाले असून त्यांच्याशी न्याय्य स्पर्धा करणे आम्हाला शक्य नाही. निवेदनाच्या मसुदाकारांना मी हा एकच प्रश्न विचारेन : आकाराने हा प्रश्न सुटणार असता, तर ज्यांच्याकडे जगात सर्वाधिक आकार होता त्यांना दारोदार का जावे लागले?

त्यापुढे जे घडले, तेही मुंबईच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. २०१८ मध्ये अमेरिकी सरकारने कतार आणि संयुक्त अरब अमिरातींशी हिशेबांच्या पारदर्शकतेबाबत समझोते केले. त्यानंतर डेल्टाने भारताची थेट सेवा पुन्हा सुरू करण्याचे जाहीर केले आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क–मुंबई थेट विमान सुरू केले. करोनाने ते काही महिन्यांतच थांबवले, हा भाग वेगळा. पण मुंबईकरांना ते विमान मिळाले ते सरकारांमधल्या वाटाघाटींमुळे, दहा वर्षांपूर्वीच्या विलीनीकरणामुळे नव्हे. पुढे अमेरिकन एअरलाइन्सने २०२० मध्ये कतार एअरवेजशी आणि युनायटेडने २०२२ मध्ये एमिरेट्सशी सहकार्याचे करार केले. ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती, त्यांच्याशीच.

आता आपल्या घरातले पाहू, कारण आपण हा प्रयोग एकाच वर्षी तीन ठिकाणी केला होता. २००७ मध्ये सरकारने एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या. एकीकडे परदेशी मार्ग, दुसरीकडे देशभरचे जाळे. मार्ग एकमेकांवर फारसे येत नाहीत, म्हणजे कागदावर याहून चांगली जोडी शोधून सापडली नसती. त्याआधीच दोघींनी मिळून १११ विमानांची मागणी नोंदवली होती, बरीचशी कर्जावर. प्रत्यक्षात एकत्र आले ते नाव आणि रंग. तिकिटांवरचे एआय आणि आयसी हे दोन संकेत पुढची काही वर्षे वेगवेगळेच राहिले. वेतनश्रेणी, बढत्यांची ज्येष्ठता यादी आणि सेवाशर्तीही वेगळ्या राहिल्या. २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला. २०१२ मध्ये पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी संप केला, कारण नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या बाजूच्या वैमानिकांनाही मिळणार होते. हा दुसरा संप जवळजवळ दोन महिने चालला आणि लांब पल्ल्याची उड्डाणे रद्द होत गेली. तो प्रवासी नेमका कुठे गेला असेल, हे त्या काळात ज्यांनी तिकिटे विकली त्यांना चांगले ठाऊक आहे. दोन्ही बाजूंच्या सेवाशर्ती जुळवण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली, तीही विलीनीकरणानंतर चार वर्षांनी. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक सहकार्य गटाचे आमंत्रण २००७ च्या अखेरीस आले होते. प्रवेश मिळाला तो २०१४ मध्ये. आणि २०१२ मध्ये कंपनी तगवण्यासाठी सरकारने सुमारे ३०,००० कोटी रुपये टप्प्याटप्प्याने घालण्याची योजना मंजूर केली. म्हणजे या कंपनीलाही सरकारी पाठबळ होतेच. ते पाठबळ नवी क्षमता उभारण्याऐवजी जुने कर्ज आणि तोटा भागवण्यात गेले, हा तिच्यात आणि आखाती कंपन्यांत फरक.

त्याच वर्षी जेट एअरवेजने सुमारे १,४५० कोटींना एअर सहारा घेतली. आणि त्याच वर्षी किंगफिशरने एअर डेक्कनमध्ये हिस्सा घेऊन ती पुढे स्वतःत मिसळली. या तिसऱ्या सौद्यामागचे एक कारण तुमच्या निवेदनाशी थेट जुळणारे आहे. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पाच वर्षे देशांतर्गत सेवा आणि वीस विमाने असल्याशिवाय कंपनीला परदेशी उड्डाणाची परवानगी नव्हती. डेक्कन २००३ पासून उडत होती, त्यामुळे तिच्या परवान्यावर किंगफिशरला २००८ मध्येच बंगळूरु–लंडन विमान सोडता आले. परदेशी स्पर्धेत उतरण्यासाठी केलेले विलीनीकरण म्हणजे काय, याचे इतके शुद्ध उदाहरण दुसरे नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली.

जेटने नंतर दुसरा मार्ग धरून पाहिला. २०१३ मध्ये अबू धाबीच्या एतिहादने तिच्यात २४ टक्के हिस्सा घेतला आणि त्याच सुमारास भारत–अबू धाबी मार्गावरची, सरकारांच्या करारात ठरणारी आठवड्याची आसनमर्यादा वाढवून सुमारे ५०,००० करण्यात आली. जेटचा प्रवासी अबू धाबीमार्गे पुढे जाऊ लागला. एप्रिल २०१९ मध्ये जेटही थांबली. एतिहादने असाच हिस्सा घेतलेल्या अलिटालिया आणि एअर बर्लिन या युरोपीय कंपन्या त्याआधी, २०१७ मध्येच, दिवाळखोरीत गेल्या होत्या.

कोणी म्हणेल, बंद पडण्यापेक्षा मोठ्या कंपनीत मिसळणे प्रवाशाच्या हिताचे नाही का? तुमचे ग्राहकांच्या पैशांचे दुःख मी समजू शकतो आणि या युक्तिवादात तथ्य आहे. बुडणारी कंपनी वेळेवर कोणी घेतली, तर आगाऊ काढलेली तिकिटे वाचतात. पण ते संरक्षण परताव्याच्या रकमेसाठी वेगळी हमी ठेवूनही देता येते, आणि त्यासाठी स्पर्धा कायमची कमी करण्याची गरज नाही. शिवाय सहारा आणि डेक्कन ज्यांनी घेतल्या त्या दोन्ही कंपन्याच पुढे बुडाल्या, हे विसरून कसे चालेल?

आता दुसरी बाजू, आणि ती मी पूर्ण आदराने मांडतो. टाटांनी जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया हाती घेतली, ऑक्टोबर २०२४ मध्ये एआयएक्स कनेक्ट (पूर्वीची एअरएशिया इंडिया) एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये आणली आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन केली. हे विलीनीकरण मला योग्य वाटते. एकाच मालकाच्या चार कंपन्या एकमेकींसमोर उभ्या होत्या. एकीचे देशांतर्गत विमान सकाळी उतरावे आणि दुसरीचे परदेशी विमान त्याची वाट न पाहता निघून जावे, असे होऊ नये म्हणून वेळापत्रक जुळवणे आता शक्य आहे. देशांतर्गत विमानांनी लांब पल्ल्याच्या विमानांना प्रवासी पुरवणे, यालाच खरा फायदा म्हणतात. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, याच्या आधी फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी नोंदवली गेली होती. परदेशी स्पर्धेत बळ मिळेल ते त्या विमानांमुळे, आणि ती यायला वर्षे लागतात. दुसरी, या व्यवहारातून सिंगापूर एअरलाइन्सला एअर इंडियात २५.१ टक्के हिस्सा मिळाला, आणि तिची बहुसंख्य मालकी सिंगापूर सरकारच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीकडे आहे. म्हणजे सरकारी पाठबळाच्या परदेशी कंपन्यांशी लढण्याची जी कहाणी निवेदनात आहे, तिच्यातली आपली सर्वांत मोठी लढवय्यी अंशतः अशाच एका कंपनीच्या मालकीची आहे. त्यात मला गैर काही वाटत नाही. चांगले भांडवल आणि जाणकार भागीदार मिळाला. फक्त ‘आपण विरुद्ध ते’ ही निवेदनाची मांडणी वस्तुस्थितीला धरून नाही.

दुसऱ्या बाजूला इंडिगोकडे पाहा. तिने कोणालाही विलीन न करता देशांतर्गत बाजाराचा साठ टक्क्यांहून अधिक वाटा मिळवला, २०२४ मध्ये एअरबस ए३५० ही लांब पल्ल्याची ३० विमाने मागवली आणि जुलै २०२५ मध्ये भाड्याने घेतलेल्या बोइंग ७८७ जातीच्या विमानांनी मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमची थेट उड्डाणे सुरू केली. परदेशी मार्गावर उतरायला विलीनीकरण ही पूर्वअट नाही, हे तिने दाखवून दिले.

मात्र तिच्याच बाबतीत एका कंपनीवर विसंबण्याचा धोकाही दिसला. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांसाठी पुरेशी तयारी नसल्याने तिची हजारो उड्डाणे रद्द झाली. उरलेल्या कंपन्यांची तिकिटे इतकी महागली, की सरकारला अंतरानुसार भाड्याची कमाल मर्यादा घालावी लागली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये. त्या आठवड्यात तुमच्या कार्यालयात काय परिस्थिती होती ते आठवा आणि त्या वेळी पर्याय म्हणून जी दोन-तीन लहान नावे तुम्ही ग्राहकांना सुचवलीत, तीच या निवेदनामुळे नाहीशी होणार आहेत, हे लक्षात घ्या. मुंबईत तर हा प्रश्न आणखी बिकट आहे. सहारच्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि सकाळ-संध्याकाळच्या उड्डाणवेळा वाढवता येत नाहीत. लहान कंपनी विलीन होते तेव्हा तिच्या या वेळाही मोठ्या गटाकडे जातात, आणि नव्या कंपनीला सकाळी सातच्या नागपूर विमानासाठी जागाच उरत नाही.

विलीनीकरण किती काटेकोरपणे तपासले जाऊ शकते, ते दक्षिण कोरियाने अनुभवले आहे. कोरियन एअरने एशियाना विकत घेण्याचे २०२० मध्ये जाहीर झाले आणि तो व्यवहार डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाला, कारण युरोपीय आयोगाने पॅरिस, रोम, बार्सिलोना आणि फ्रँकफर्ट हे मार्ग टी’वे या लहान कंपनीला द्यायला आणि एशियानाचा मालवाहतूक विभाग विकायला लावले. विस्ताराच्या वेळीही सिंगापूरच्या स्पर्धा आयोगाने मुंबईसह काही थेट मार्गांवर करोनापूर्व आसनक्षमता टिकवण्याचे वचन घेतले होते. आपणही असे काही मागायला हवे.

म्हणून मसुदाकारांशी बोला आणि निवेदनाचा रोख बदलता येतो का ते पाहा. आखाती स्पर्धेचा मुद्दा खरा असेल, तर मागणी स्पर्धेच्या मुळाशी नेणारी हवी. मुंबईत देशांतर्गत विमानातून उतरलेल्या प्रवाशाला बॅग न उचलता परदेशी विमान गाठता यावे आणि सहार व नवी मुंबई यांत लांब पल्ल्याचे जाळे विनाकारण विभागले जाऊ नये. विमान इंधन जीएसटीत यावे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये मुंबई, पुणे आणि रायगडसाठी व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला हे चांगले झाले. हा कर परदेशी उड्डाणांच्या इंधनावर लागत नाही, पण त्यांना प्रवासी पुरवणाऱ्या देशांतर्गत उड्डाणांवर लागतो. दुबईशी आठवड्याला सुमारे ६६,००० आसनांची मर्यादा आहे आणि एमिरेट्स ती वाढवून मागते आहे. सरकारने ती वाढवायची तर टप्प्याटप्प्याने आणि बदल्यात काही मिळवून वाढवावी. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी हवाई हद्द आपल्या विमानांना बंद झाली आणि उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणारी उड्डाणे लांबली, तेव्हा आखाती कंपन्यांना तो फटका बसला नाही. अशा प्रसंगी सरकारने कंपन्यांमागे कसे उभे राहावे, हेही निवेदनात यायला हवे.

आणि विलीनीकरणाचा परिच्छेद ठेवायचाच असेल, तर त्यात दोन अटी घालायला सांगा. ज्या मार्गांवर दोन्ही कंपन्या आज उडतात, तिथे मुंबईच्या उड्डाणवेळा तिसऱ्या कंपनीला द्याव्यात. आणि विलीन होणाऱ्या कंपनीचे प्रलंबित परतावे व्यवहार पूर्ण होण्याआधी चुकते व्हावेत. या अटी मान्य झाल्या तर सही करायला माझी हरकत नाही. न झाल्या तर व्यवसायबंधूंना नम्रपणे नकार द्या आणि कारण लेखी कळवा, म्हणजे गैरसमज राहणार नाही.

सहीपेक्षा अधिक उपयोगाची गोष्ट तुमच्या संगणकात आहे. प्रत्येक मार्गावर कोणत्या कंपनीचे तिकीट कोणत्या दिवशी कितीला गेले, याच्या नोंदी तुमच्याकडे वडिलांच्या काळापासून असतील. एखाद्या विलीनीकरणामुळे स्पर्धेवर विपरीत परिणाम होईल असे भारतीय स्पर्धा आयोगाला प्रथमदर्शनी वाटले, तर तो व्यवहाराचा तपशील जाहीर करायला लावून बाधित व्यक्तींचे लेखी म्हणणे मागवू शकतो, आणि तुम्ही बाधितांपैकी आहात. मुंबई–नागपूर आणि मुंबई–छत्रपती संभाजीनगर या मार्गांच्या नोंदी आतापासूनच वर्षवार लावून ठेवा, ग्राहकांची नावे त्यातून काढा, आणि कंपनी बंद पडली किंवा विलीन झाली त्या महिन्यांपुढे खूण करा. आयोगाची सूचना निघाल्यावर मुदत थोडीच असते.

आपला स्नेहांकित